विशेष कारण : नाही

वायदंडे बाई माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि मी त्या सकाळी सातव्यांदा तेच वाक्य म्हणत होते. समोर एक वयस्कर गुरुजी उभे होते. त्यांना सांगत होते की, गुरुजी, माहिती तुम्ही भरली असेल, पण शेवटी जतन करायचं बटण दाबायचं राहिलं असणार. गुरुजींनी मान डोलावली, आपल्या चष्म्याला दोष दिला आणि वर मला त्रास दिल्याबद्दल माझीच माफी मागून गेले. सोमवारी बदल्यांची यादी लागल्यापासून असे बरेच जण येऊन गेले होते. सगळ्यांची तक्रार एक आणि माझं उत्तरही एक. तीन दिवसांत ते इतकं घोटून झालं होतं की ते खरं आहे का, हे बघायची मला गरजच वाटेनाशी झाली होती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. जिल्ह्याच्या शिक्षण खात्यात एका एजन्सीतर्फे अकरा अकरा महिन्यांच्या करारावर काम करत होते. हजेरीच्या वहीत माझं नाव, शलाका भंडारे, सगळ्यात शेवटी आणि पेन्सिलनं लिहिलेलं असे. त्या वर्षी शिक्षकांच्या बदल्या पहिल्यांदा संगणकावर झाल्या. शिक्षकांनी आपापले अर्ज भरायचे, आमच्या प्रोग्रामनं त्या साडेचार हजार अर्जांची एक मोठी फाईल बांधायची, ती पुण्याला जायची आणि तिकडचा प्रोग्राम कोणाला कुठली शाळा ते ठरवून यादी खाली पाठवायचा. आधी विशेष कारणवाले, म्हणजे विधवा, गंभीर आजारी किंवा ज्यांचं मूल आजारी आहे असे. त्यांचं झालं की मग बाकीचे. फाईल बांधायचा प्रोग्राम माझा होता. आमच्या अख्ख्या कचेरीत तो वाचता येणारी मी एकटीच, त्यामुळे तो चांगला आहे असं सगळे म्हणत.

बाईंनी यादीचं पान माझ्यापुढं ठेवलं. आपल्या नावाखाली पट्टीनं शाईची रेघ मारून आणली होती. वायदंडे प्रमिला तुकाराम, शाळा वाघजाईवाडी. विशेष कारण : नाही. बदली : नाही.

मी तोंड उघडलं तशा त्या म्हणाल्या, "बटण दाबलंय मी, मॅडम. मघाशी तुम्ही गुरुजींना सांगत होता ते ऐकलं. माझी पोचपावती बघा."

पोचपावतीवर स्वच्छ छापलेलं होतं. विशेष कारण : होय. अपत्याचा गंभीर आजार. खाली मुलीचं नाव, वय आणि डॉक्टरांच्या दाखल्याचा क्रमांक.

वाघजाईवाडी धरणाच्या पलीकडे आहे. सकाळी सहाला एक लाँच निघते आणि संध्याकाळी सहाला एक परत जाते, मध्ये काही नाही. बाई तिथं नऊ वर्षं होत्या. नवरा तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे राहायला गेला होता. ते त्यांनी अर्जात लिहिलं नव्हतं आणि मलाही एका वाक्यात सांगून संपवलं. मुलगी रेवती, दहा वर्षांची, तिला फिट येत. औषध चुकलं नाही तरी येत. मागच्या पावसाळ्यात एक आली ती थांबेचना, आणि वाऱ्यामुळे लाँच बंद होती. बाई पोरीला मांडीवर घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत धक्क्यावर बसून राहिल्या. हे सगळं त्या शाळेतला धडा वाचल्यासारखं सांगत होत्या. बऱ्याच टेबलांवर सांगून झालं असावं.

"डॉक्टर म्हणालेत, पुन्हा तसं झालं तर सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "हरकत घ्यायची मुदत आज पाचपर्यंत आहे ना? मी लेखी अर्ज आणलाय."

त्यानंतरच्या बदल्या तीन वर्षांनी होणार होत्या. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

आमचे अधीक्षक पिसाळ साहेब. निवृत्तीला वर्षच राहिलेलं, त्यामुळे प्रत्येक कागद ते गरम तव्यावरून उचलावा तसा दोन बोटांनी उचलत. बाई आधी त्यांच्याकडेच गेल्या होत्या. यादी वरून आलीय, आम्ही काय करणार, असं म्हणून त्यांनी बाईंना माझ्याकडे लावून दिलं होतं. मी पडद्यावर काहीतरी दाखवीन आणि बाईंची समजूत पटेल असा हिशेब. मीही त्याच हिशेबानं फाईल उघडली. बाईंना बसायला सांगितलं, त्यांचं नाव शोधलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवण्याआधी एकदा स्वतः बघून घेतला.

सगळं होतं. शिक्षक या कप्प्यात बाईंचं नाव, शाळा, नोकरीची वर्षं. त्याच्या पोटात विशेष कारणाचा कप्पा आणि त्याच्या पोटात रेवती, वय दहा, दाखला क्रमांक. बाईंनी एक अक्षर चुकवलं नव्हतं. मग मी सकाळच्या गुरुजींचं नाव शोधलं. त्यांचंही सगळं जिथल्या तिथं होतं.

 मी पुण्याला फोन लावला.

तिकडे मुळ्ये म्हणून एक गृहस्थ असत. सगळ्या जिल्ह्यांचे फोन तेच घेत आणि आवाजावरून दर वेळी जेवता जेवता उठून आल्यासारखे वाटत. त्यांचं म्हणणं, तुमच्या जिल्ह्यातून एकही विशेष कारण आलेलं नाही. आम्हाला वाटलं, नशीबवान जिल्हा आहे. मी म्हटलं, आहेत, माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांनी एक कप्पा वाचून दाखवायला सांगितला. मी वाचायला लागले. विशेष कारण, मग नेमस्पेस, मग बरोबरचं चिन्ह, मग दोन अवतरणचिन्हं आणि मध्ये काही नाही.

"हां," मुळ्ये म्हणाले. "कोरं आहे ना मध्ये? मग आम्हाला ते दिसणारच नाही."

इथं थोडं सांगायला हवं. अशा फाईलीत कप्प्यात कप्पा असतो. प्रत्येक कप्पा कुठल्या घराण्यातला हे ठरवणारं एक नाव असतं, त्याला नेमस्पेस म्हणतात. ते सगळ्यात बाहेरच्या कप्प्यावर एकदा लिहिलं की आतल्या सगळ्या लेकरांना आपोआप लागतं, पुन्हा पुन्हा लिहावं लागत नाही. पुण्याचा प्रोग्राम फक्त त्या नावाच्या लेकरांना ओळखत होता. परकं कोणी दिसलं तर आरडाओरडा न करता पुढं जायचं, असं त्याला शिकवलेलं होतं. बाकीचा सगळा अर्ज मी एका वर्षापूर्वी नीट बांधला होता. विशेष कारणाचा भाग मे महिन्यात घाईघाईनं जोडायला सांगितला गेला, तो मी दोन दिवसांत जोडला. नवा कप्पा तयार करताना त्याचं नाव सांगितलं नाही. मला वाटलं, एवढा आईच्या पोटात घालतेय, आईचं नाव लागेलच. पण प्रोग्राम तसं धरत नाही. कप्पा जन्माला घालताना जे सांगाल तेच त्याचं. मग त्याला कुणाच्याही पोटात घाला. मी काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून फाईल लिहिताना त्यानं तेही इमानदारीनं लिहून टाकलं, की याला नाव नाही. आणि त्याला नाही म्हणजे त्याच्या पोटातल्या रेवतीलाही नाही.

आणि मी ते बघितलं होतं. मे महिन्यात फाईल तपासताना ती दोन कोरी अवतरणचिन्हं मला दिसली होती. पुसून टाकावीत असंही मनात आलं होतं. नुसती पुसली असती तरी सगळं जाग्यावर आलं असतं. पण रिकामं आहे, रिकाम्याचा कोणाला काय उपद्रव, असं म्हणून मी चहाला गेले.

मुळ्येंनी विचारलं, अशी किती आहेत. मी मोजली. एकशे अठरा. त्यांनी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, पाचच्या आत दुरुस्त फाईल चढवा. एका नावाची असो की सगळ्यांची, यादी आम्ही पुन्हा फिरवू. ती मग शेवटची. त्यावर हरकत नाही.

मी पिसाळ साहेबांकडे गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. त्यांना त्यातलं अवतरणचिन्ह कळलं नाही, पण एकशे अठरा कळले. एकशे अठरा माणसं मधे घुसवायची म्हणजे जिल्ह्याची अख्खी यादी उलटीपालटी. ज्यांना सोमवारी चांगल्या शाळा मिळाल्यात, पेढे वाटून झालेत, ते दारात येऊन बसणार. चौकशी लागणार, आणि चौकशीत पेन्सिलनं लिहिलेलं नाव सगळ्यात आधी पुसलं जाणार. हे ते मला रागावून सांगत नव्हते. दमलेल्या माणसानं दुसऱ्या दमलेल्या माणसाला सांगावं तसं सांगत होते.

"या बाईंचं तेवढं करून टाक," शेवटी ते म्हणाले. "एका नावाची किरकोळ दुरुस्ती म्हणून मी सही करतो. बाकीच्यांना तू सांगितलंयस ना, बटण दाबलं नाही म्हणून? त्यांना पटलंय. पटलेलं असू दे. आणि बाईंचा तो लेखी अर्ज घेऊ नकोस, परत दे. कागद आला की त्याला उत्तर द्यावं लागतं."

मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. साडेअकरापासून छातीवर बसलेलं ओझं निम्मं उतरलं. बाईंचं काम होत होतं, मीही वाचत होते, आणि ज्यांचं होत नव्हतं त्यांना ते माहीत नव्हतं.

बाई खालच्या कॅन्टीनमध्ये बसल्या होत्या. डब्यातली भाकरी खाऊन झाली होती. त्यांना मी सगळं सांगितलं. का सांगितलं, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. मला वाटतं, कोणीतरी मला रागवावं असं मला हवं होतं. कोरं नाव, बाहेरचा कप्पा, आतला कप्पा, सगळं मी जड जड शब्दांत सांगत राहिले. बाईंनी मध्येच थांबवलं.

"म्हणजे हजेरीपटासारखंच की," त्या म्हणाल्या. "वर एकदा इयत्ता चौथी लिहिलं की खालची सगळी नावं चौथीची. पोरापोरापुढं चौथी चौथी लिहीत बसत नाही आपण. पण एखाद्यापुढं मीच इयत्ता असं लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली, तर बघणारा म्हणणार, हे पोर चौथीत नाही. कुठंच नाही. असंच ना?"

असंच होतं. मी चार वर्षं त्यात काम करत होते आणि इतकं सरळ मला सांगता आलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, अशी किती नावं. मी सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, मग पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मग विचारलं, सगळ्यांना घेतलं तर आपला नंबर लागेल का. मी ते मोजूनच खाली आले होते. रेवतीच्या दवाखान्यापासून तासाभराच्या आत छत्तीस जागा होत्या. त्या जागा मागणाऱ्या विशेष कारणवाल्यांत नोकरीच्या वर्षांप्रमाणे बाई एक्केचाळिसाव्या. एकट्या असत्या तर पहिल्या.

"नाही लागणार," मी म्हटलं.

कॅन्टीनवाल्यानं टेबल पुसलं तरी बाई तिथंच बघत होत्या. मला वाटत होतं, त्या म्हणतील, सगळ्यांचं करा. गोष्टींमध्ये म्हणतात तसं. त्या म्हणाल्या असत्या तर मला काही ठरवावं लागलं नसतं.

"माझं तेवढं करा," त्या म्हणाल्या. "मला लाज वाटत नाही असं नाही. पण मला एक पोर आहे, मॅडम, आणि तिचं बघणारी मी एकटी आहे. बाकीची एकशे सतरा तुमच्या फाईलीत आहेत. त्यांची आई मी नाही."

मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की ना. मी पुन्हा हो म्हटलं. मग अर्जाचा विषय काढला. आता याची गरज नाही, मीच फाईलीत दुरुस्त करतेय, उगाच कागद कशाला, असं मी बोलले. बाई जरा घुटमळल्या. कागद असलेला बरा असतो, असं म्हणाल्या. सतरा वर्षं नोकरी केलेल्या बाईला ते कळलेलं असतं.

"बाई, मी म्हणतेय ना," मी म्हटलं.

त्यांनी अर्जाची चार पदरी घडी घातली आणि पिशवीत टाकला. साडेतीनची एसटी मिळाली तरच सहाची लाँच मिळणार होती. पोरीला शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींजवळ ठेवून आल्या होत्या, त्यामुळे मुक्काम करणं शक्य नव्हतं. स्टँडपर्यंत मी सोबत गेले. गाडीत चढताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. 

वर येऊन मी कामाला बसले. पावणेचार झाले होते.

प्रोग्रामची चूक एका ओळीत होती. जिथं कप्पा जन्माला येतो त्या ओळीत त्याचं नाव लिहायचं, झालं. दोन मिनिटांचं काम. मी ते केलं, फाईल पुन्हा बांधायला लावली, आणि कोरी अवतरणचिन्हं नाहीशी झाली. सगळीच. बाईंची गेली तशी गुरुजींची गेली, एकशे अठराच्या अठरा. नाव बाहेर एकदा होतंच, ते आत सगळीकडे आपोआप पोचलं. या फाईलींचा तो स्वभावच आहे.

मला फक्त बाई हव्या होत्या. त्यासाठी मला उरलेल्या एकशे सतरांना पुन्हा कोरं करावं लागणार होतं. प्रोग्राममध्ये लिहावं लागणार होतं की, या एका क्रमांकाला नाव दे आणि बाकी कोणाला देऊ नकोस. मी लिहायला लागले. तीन ओळी लिहिल्याही. चौथ्या ओळीशी हात थांबला. मे महिन्यात झालं ते माझ्या बेफिकिरीनं झालं होतं, पण ती चूक होती. आता मी जे टाइप करत होते ती चूक नव्हती. प्रोग्राममध्ये ते स्पष्ट लिहिलेलं राहणार होतं, माझ्या हातानं, आजच्या तारखेला.

त्या ओळी मी पुसल्या, पुन्हा लिहिल्या, पुन्हा पुसल्या. घड्याळ चाललं होतं. मला धर्म-अधर्म काही सुचत नव्हता. मी फार दमले होते, आणि न्याय करायला दोन मिनिटं पुरत होती, अन्याय करायला अर्धा तास लागणार होता. कोणी मला चांगली म्हटलं की मला ते आठवतं. मी त्या दिवशी चांगली वागले की नुसती कंटाळले, हे मला अजूनही सांगता येत नाही.

पावणेपाचला पिसाळ साहेबांपुढं सगळ्यांची फाईल ठेवली आणि तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी डिजिटल सहीचं उपकरण ड्रॉवरमधून काढलं, यंत्राला लावलं आणि गुप्त आकडे दाबायच्या आधी विचारलं, "बाईंचा अर्ज कुठाय?"

"परत दिला, साहेब. तुम्हीच म्हणालात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आकडे दाबले. पाचला सहा मिनिटं कमी असताना फाईल चढली.

बाईंना काय सांगणार, असं त्यांनी जाताना विचारलं. मी म्हटलं, सांगते. वाघजाईवाडीला मोबाईलला रेंज नव्हती, हे मला ठाऊक होतं. पत्र टाकता आलं असतं. लाँचवाल्याकडे चिठ्ठी देता आली असती. आठ दिवस मी रेंज नसण्याच्या आड बसून काढले.

आठव्या दिवशी यादी लागली. एकशे अठरांपैकी चौसष्ट जणांना हवी ती शाळा मिळाली. गुरुजींना मिळाली, ते पेढे घेऊन आले आणि म्हणाले, बघा, बटण दाबलंच होतं मी, पण तुमच्यामुळे सापडलं. दाराशी चार दिवस गर्दी झाली, घोषणा झाल्या. चौकशी लागली आणि यथावकाश माझा करार वाढला नाही. बाईंच्या नावापुढं लिहिलं होतं, विशेष कारण : होय. बदली : नाही.

पुढच्या रविवारी मी धरणावर गेले. बाई रविवारी रेवतीची औषधं न्यायला सकाळच्या लाँचनं येतात, हे त्यांच्या बोलण्यात आलं होतं. लाँच धक्क्याला लागली. दोघी उतरल्या. रेवती आईपेक्षा थोडीशीच बुटकी होती, दोन वेण्या, आणि तिनं आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. बाईंनी मला ओळखलं आणि पोरीला सावलीत कट्ट्यावर बसवून त्या माझ्याकडे आल्या.

मी पाठ करून आणलेलं सगळं बोलले. एकट्यांना घ्यायला बाकीच्यांना वगळावं लागत होतं, ते माझ्यानं झालं नाही, वगैरे. त्यांनी मध्ये तोडलं नाही.

"मला यादी शनिवारीच कळली," त्या म्हणाल्या. "सामान बांधलं होतं. बहिणीनं दवाखान्याजवळ दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. पोरांनी निरोपाचा कार्यक्रम केला माझा, बुधवारी. नारळ दिला." मग म्हणाल्या, "तुम्ही केलं ते बरोबर केलं, मॅडम. चार इयत्ता एका खोलीत शिकवते मी. एकीलाच घेऊन बसता येत नाही, मला कळतं."

मी सुटले असं मला वाटलं. क्षणभरच.

"पण मग मला हो का म्हणालात?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "नाही म्हणायचं होतं. तुम्ही नाही म्हणाला असता तर मी साडेतीनची गाडी धरली नसती. अर्ज आत दिला असता, पोच घेतली असती आणि तिथंच बसले असते. लेखी हरकत आली की मोठ्या साहेबांपुढं सुनावणी होते. लाँच नसते, पोरीला काय होतं, हे मी त्यांना सांगितलं असतं. ते नाही म्हणाले असते तर म्हणाले असते. मला भांडायला तरी मिळालं असतं. तुमच्या हो वर मी घरी निघून गेले."

 मी पुढच्या वेळी बघू असं काहीतरी म्हटलं. तीन वर्षांनी पहिलं नाव तुमचंच असेल, मी स्वतः लक्ष ठेवीन. बाईंनी ते ऐकून घेतलं. मग त्यांनी रेवतीला हाक मारली आणि दोघी दवाखान्याच्या दिशेनं चालू लागल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी पुण्यात असते. माझ्या हाताखाली येणाऱ्या नव्या लोकांना ही फाईल मी दर वर्षी दाखवते. आतल्या कप्प्याला नाव द्यायला विसरलं की काय होतं, ती दोन कोरी अवतरणचिन्हं, एकशे अठरा माणसं आणि पाचला सहा मिनिटं कमी असताना चढलेली दुरुस्ती. मुलांना ती गोष्ट आवडते. शेवटी कोणीतरी टाळ्याही वाजवतं. मी तिथंच थांबते.

त्या बदल्यांच्या पुढच्या वर्षी, जून महिन्यात, जिल्ह्याच्या रिकाम्या जागांची यादी लागली होती. मी तोवर ते गाव सोडलं होतं. सवयीनं ती उघडली. वाघजाईवाडी, मंजूर पद एक, रिक्त एक. शेरा : राजीनामा. पुढच्या बदल्यांना अजून दोन वर्षं होती, पेन्शनच्या नोकरीची सतरा-अठरा वर्षं झाली होती, आणि बाईंनी ती टाकून पोरीला घेऊन दवाखान्याजवळ खोली केली होती. मी फोन करून पिसाळ साहेबांना विचारलं, त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी बाईंना थांबवून बघितलं होतं. म्हणाले होते, बाई, दोन वर्षं कळ काढा, पुढल्या फेरीत नक्की होईल, आम्ही बघतो.

बाईंनी त्यांना विचारलं होतं, लेखी देता का.